थोरली, धाकटी आणि वसंता

वसंताच्या घरून फोन आला तेव्हा मी त्यालाच मेसेज लिहीत होतो. ‘आज संध्याकाळपर्यंत सांगितलं नाहीस तर मी चिठ्ठ्या टाकून ठरवतो’ एवढं लिहून झालं होतं, पाठवायचं बाकी होतं आणि तेवढ्यात त्याच्याच नावाची रिंग वाजली. उचलल्याबरोबर मी सुनावलंच, “हां, बोल. थोरली का धाकटी?” पलीकडे शैलावहिनी होत्या. “भाऊजी… हे गेले,” त्या म्हणाल्या. सकाळी अंघोळ करून पेपर वाचत बसला होता, छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. खरं सांगायचं तर मला रडू नंतर आलं, आधी संताप आला. वर्षभर मला टांगून ठेवलं आणि काहीएक न ठरवता हा गृहस्थ चालता झाला! आज दीड महिना होत आला तरी तो संताप आहेच. तो आहे तोवर वसंता पुरता गेलेला नाही असं वाटतं, म्हणून मीही तो फारसा आवरत नाही.

नळदुर्गला हायवेलगत एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे, तिथे मी डॉक्टर आहे. रस्ता असा की अपघात ठरलेले. डोक्याला मार लागलेला माणूस आला की आम्ही स्कॅन काढतो, ती चित्रं आमच्या सर्व्हरवर तयार होतात आणि सोलापूरचे तज्ज्ञ तिथून बघून सांगतात की इथेच ठेवा किंवा ताबडतोब पुढे हलवा. आमचा सर्व्हर म्हातारा झाला होता. नातेवाईक दाराशी उभे, पेशंट कण्हतोय आणि मी पडद्यावर गरगरणाऱ्या चक्राकडे बघत बसलोय, हे किती वेळा झालं असेल! अखेर एका भल्या माणसाने नव्या सर्व्हरसाठी देणगी दिली. बाकी सामान लगेच ठरलं. अडलं ते प्रोसेसरवर, म्हणजे त्या यंत्राच्या मेंदूवर. दोन कंपन्यांचे दोन प्रोसेसर समोर होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी वसंताला गाठलं. वसंता माझा कॉलेजच्या दिवसांतला खोलीसोबती, इंजिनिअर. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करून आईवडिलांसाठी लोहाऱ्याला परत आलेला. मित्र म्हणून फुकट सल्ला देईल असं वाटलं… फुकटचा सल्ला किती महाग पडतो ते मला आता विचारा.

कारण वसंता हा तुलना करण्यासाठीच जन्माला आलेला प्राणी होता. चप्पल घ्यायची तर एका दुकानातली डाव्या पायात आणि दुसऱ्या दुकानातली उजव्या पायात घालून हा बाजारात चालून बघणार. दोन्ही दुकानदार मागे. नळदुर्गला आला की स्टँडसमोरच्या एका हॉटेलात अर्धा चहा प्यायचा, अर्धा शेजारच्या, आणि “अजून नक्की सांगता येत न्हाई” म्हणत तोंड पुसायचा. लग्नाच्या वेळी शैलावहिनींना बघायला तो तीनदा गेला. तिसऱ्या वेळी त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं म्हणे, “पाव्हणं, पोरगी बघताय का म्हैस?” वहिनी हे हसून सांगायच्या आणि शेवटी हमखास म्हणायच्या, “पर दुसरी कोन होती तुलनेला, ते काय अजून सांगितलं न्हाई बगा यांनी.” वसंता यावर नुसता चष्मा पुसायचा.

तर अशा माणसाच्या हाती मी माझे पेशंट सोपवले होते. कंपन्यांचे आकडे त्याने बघितले आणि बाजूला ठेवले. “हे समदं एसीत बसून काढल्यालं हाय,” तो म्हणाला. “लोहाऱ्याच्या पत्र्याखाली मे महिना काढंल तो खरा.” मग सोलापूरच्या दोन विक्रेत्यांना गळ घालून त्याने चाचणीसाठी दोन्ही सर्व्हर मागवले आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत शेजारी शेजारी मांडले. आमची जुनी स्कॅनं, पेशंटची नावं काढून, तो दोन्हींवर चालवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने दोन्ही पेट्यांवर तळहात ठेवून ताप बघायचा. त्यांना नावंही त्यानेच दिली, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ. थोरलीला हात जास्त, तिच्या प्रोसेसरमध्ये कामाचे गाभे, म्हणजे कोर, धाकटीच्या दुप्पट. दहा जणांची स्कॅनं एकदम दिली तर थोरली ती हां हां म्हणता उरकायची. पण एकाच माणसाचं स्कॅन असलं की धाकटी पुढे, कारण तिचा एकेक हात चपळ होता. पुढेमागे मेमरी वाढवायला, नवी कार्डं बसवायला थोरलीकडे जागा मुबलक. उलट आमच्या सॉफ्टवेअरची फी गाभ्यांवर मोजली जायची, त्यामुळे थोरलीचं खाणं दरवर्षी दुप्पट. विजेचंही तेच.

“मग धाकटी घेऊन टाकू,” मी म्हणालो. “माझ्याकडे मोटरसायकलवरून पडलेला माणूस एकटाच येतो.”

“आन् वडापची जीप उलटली मंजी?”

खच्चून भरलेली ती जीप उलटली की दहा-बारा जण एकदम येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. “मग थोरली घेऊ,” मी म्हणालो.

“तुझ्या इन्व्हर्टरला ती झेपत न्हाई. लाईट गेली की जनरेटर लागंस्तवर ती मान टाकती, आन् परत उठायला लई टाईम खाती.”

“मोठा इन्व्हर्टर घेऊ की!”

“मग त्यो तिच्या किमतीत धर की,” वसंता शांतपणे म्हणाला. “अजून एक आठवडा दे.” असे किती आठवडे मी दिले! त्याच्या या शांतपणावर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, ट्रस्टची मंडळी मला बैठकीत टोचू लागली, आणि इकडे गरगरणारं चक्र काही थांबत नव्हतं.

तो गेल्यावर विक्रेते आपापली पेटी परत मागू लागले आणि ट्रस्टने निर्वाणीचं सांगितलं. तेरावं झाल्यावर मी लोहाऱ्याला गेलो. पत्र्याच्या खोलीत दोन्ही सर्व्हर चालू होते. “बंद कसं करायचं ते ठावं हाय,” वहिनी म्हणाल्या, “पर हात हुईना.” चहा घेता घेता नेहमीप्रमाणे लाईट गेली. मी कप घेऊन तसाच गोंधळून उभा राहिलो. वहिनी मात्र झटकन उठल्या, थोरलीपाशी गेल्या, एकामागून एक बटणं दाबून तिला नीट बंद केलं आणि वर तळहात ठेवून बघितलं. थेट वसंतासारखा. धाकटी तशीच इन्व्हर्टरवर सुरू होती.

“आणि हिचं?” मी विचारलं.

“तिच्याकडं बगावं लागत न्हाई. लाईट गेली की हे जेवनावरनं उठून पळत यायचे ते थोरलीसाठीच. धाकटीला कदी हातबी लावला न्हाई. ती ऱ्हाती तग धरून, मनायचे.”

मी कपाळावर हात मारला. म्हणजे ठरलं होतं की या माणसाचं! जीप उलटेल तेव्हा लाईट असेलच याची खात्री कोण देणार? लाईट गेली तरी जी मान टाकत नाही, जी एकेक करत का होईना सगळ्यांचं काम काढते, तीच माझ्या कामाची. हे त्याच्या पायांना केव्हाच कळलं होतं, फक्त तोंडाने कबूल करवत नव्हतं. मी चिडून हे वहिनींना सांगू लागलो आणि मध्येच थांबलो, कारण त्या पदराने डोळे टिपत होत्या.

“लाईट गेली की मलाबी कदी हाक मारली न्हाई त्यांनी, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “अंधारात एकलीच हाय, भिऊ नको म्हनावं मानसानं… समदा संसार झाला, कदी न्हाई. मी मनायची, यांना माझी काळजीच न्हाई.”

खोलीत धाकटीचा पंखा तेवढा फिरत होता. ‘तूबी धाकटीसारखी ऱ्हातीस’ एवढी साधी गोष्ट बायकोला एकदा तोंडाने सांगायला काय जात होतं रे तुझं?

धाकटी आता नळदुर्गला माझ्या खोलीशेजारी आहे. लाईट गेली की मी सवयीने खुर्चीतून अर्धा उठतो, तिच्या पंख्याचा आवाज ऐकतो आणि परत बसतो. मग लोहाऱ्याला फोन लावतो. “वहिनी, लाईट गेली का तिकडं?” कधी गेलेली असते, कधी नसते. त्या म्हणतात, “मी हाय बरी.” आणि मग आम्ही दोघं इकडची लाईट येईपर्यंत त्या माणसाला नावं ठेवत बसतो.