विटी लागली होती

माझा डावा डोळा खोटा आहे. लोक काचेचा म्हणतात, असतो प्लास्टिकचा. पण तीस वर्षं शाळेत पोरांच्या चुका दुरुस्त करून मी इतकी दमले की आता बाहेर कुणाला सुधारायला जात नाही. ‘कसा हो गेला?’ असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं. लहानपणी विटी लागली.

विटीबिटी काही नव्हती. मी दोन वर्षांची असताना डोळ्यात कॅन्सरची गाठ झाली आणि डॉक्टरांनी डोळाच काढला. माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर आईने मला स्वयंपाकघरात बसवून हे सांगितलं आणि त्याच दमात विटीही पढवली. अपघात झालेली मुलगी खपते, आजार झालेली खपत नाही, असा तिचा सरळ हिशेब. मला तिचा संताप आला होता. पण कांदेपोह्यांच्या वेळी मी विटीच सांगितली. आमचे हे गेले तेही तेच खरं धरून. बिचाऱ्यांनी कधी शंकासुद्धा घेतली नाही.

आणि मी शिकवायचे काय, तर विज्ञान. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात हे वाटाण्याच्या झाडांवरून दरवर्षी फळ्यावर मांडायचे. घरी मात्र दुपारी पडदे ओढून तान्ह्या मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून गाठीची पांढरी चमक दिसते का बघायचे. ती पाच वर्षांची होईपर्यंत बघितलं, काही दिसलं नाही. सुटले बाई, म्हटलं. डॉक्टरांकडे नेलं असतं तर विटी उघडी पडली असती.

गेल्या वर्षी विश्रांतवाडीला मुलीच्या घरी नातवाचं उष्टावण होतं. ऊन फार, म्हणून पडदे ओढलेले. ओवाळताना मी निरांजन वर नेलं, त्याने ज्योतीकडे बघितलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यातली बाहुली पांढरी चमकली. मांजराची चमकते तशी. माझ्या हातातलं ताम्हन हललं, सुपारी खाली पडली. ‘आई, सावकाश,’ मुलगी म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. रिक्षातून घरी येताना मी स्वतःला समजावलं, की एका डोळ्याच्या बाईने बघितलेलं काय एवढं मनावर घ्यायचं!

महिन्याभराने मुलीने मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. ‘आई, एका डोळ्यात पांढरं दिसतंय. फ्लॅशमुळे असेल ना?’ मी लिहिलं, ‘फ्लॅशमुळेच असेल.’ या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

पुढे दीड महिन्याने त्याचा डोळा तिरळा दिसायला लागला, तेव्हा तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली, मी सोबत होते. तपासण्या झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि कागदावर घरातल्या माणसांचा तक्ता काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. घरात कुणाला लहानपणी डोळ्याचा आजार?

‘नाही,’ मुलगी म्हणाली. ‘आईचा डोळा गेलाय, पण तिला विटी लागली होती.’

बाई माझा गोल कोरा ठेवून पुढे निघाल्या.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘विटी नव्हती. गाठ होती.’

बाईंनी माझा गोल पेनाने भरून टाकला. मग शांतपणे समजावलं, की अशी गाठ होऊ न देणारं एक जनुक असतं. माझ्यात त्यातच दोष असावा आणि तो मुलीत उतरला असावा. एखाद्यात तो गप्प बसून राहतो, एखाद्यात गाठ होते. आधी कळलं असतं, तर बाळाचे डोळे जन्मापासून तपासता आले असते.

मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही. कागदाकडे बघतच तिने विचारलं, ‘मी फोटो पाठवला तेव्हा तुला माहीत होतं?’

मी हो म्हटलं.

आमच्या रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. नातवाचा डावा डोळा काढावा लागला. उजव्यातला ठिपका वेळेत सापडला, तो डोळा वाचला. मुलगी माझ्याकडे यायची बंद झाली. जावई रविवारी फोन करून ‘आपली तब्येत कशी आहे?’ असं विचारायचे, तेही इतकं अदबीने की मला रडू यायचं. शनिवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत दाराची बेल बिघडली की काय, म्हणून मी दोनदा बाहेर जाऊन स्वतःच वाजवून बघितली. चांगली वाजत होती.

परवा ती आली, त्याला कडेवर घेऊन. चहा नको म्हणाली. ‘याला नवा डोळा बसवलाय. धुवायला काढताना रडतो. तू कसा काढतेस ते दाखव.’

मी ह्यांनासुद्धा कधी दाखवलं नव्हतं. हात धुतले, खालची पापणी ओढली आणि डोळा तळहातावर घेतला. पोरगं टक लावून बघत राहिलं, मग माझ्या गालावर हात ठेवून हसलं. मी त्याचा नवा डोळा धुवायला काढला तेव्हा ते रडलं नाही. मुलगी रडली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती बाजूला झाली.

दारात चपला घालताना ती म्हणाली, ‘पुढे याला कुणी विचारलं, डोळा कसा गेला, तर विटी सांगायची नाही.’

‘नाही,’ मी म्हटलं.

‘आणि मलाही नाही,’ ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.