आतनं बोलताय का भाईरनं?

"आतनं बोलताय का भाईरनं?"

अक्कांचा फोनवरचा पहिला प्रश्न हाच असायचा. सोलापूरच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात वायरलेस आणि फोन सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आग लागली म्हणून कुणी ओरडत फोन केला, की त्या आवाज जराही न चढवता एवढंच विचारायच्या. समोरचा "आतनं" म्हणाला, तर पत्तासुद्धा विचारायच्या नाहीत. "आदी भाईर या. फोन कानालाच ठिवा. भाईर आलात की मग पत्ता सांगा." माणूस बाहेर आल्याचं ऐकलं की मगच त्यांचं पेन कागदावर टेकायचं.

ही सवय इतकी मुरलेली, की पुण्याहून लेकीचा फोन आला तरी तोंडातनं तेच बाहेर पडायचं. लेक म्हणायची, "आई, मी गॅलरीत उभी आहे आणि आग कुठंही लागलेली नाही." अक्का म्हणायच्या, "मग बरं हाय. जेवलीस का?"

आणखी एक. ड्युटीवर आल्या की त्या आधी वायरलेस सेट हातात घेऊन पदरानं पुसायच्या, आणि मग त्यात आकडे मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु." त्या अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीच्या. तिकडं घरात कानडी, दारात मराठी. गाडीवरच्या ड्रायव्हरांना कानडी येवो न येवो, तीनपर्यंतचे आकडे सगळ्यांना पाठ झाले होते.

मी त्यांच्याकडं आलो तो इंजिनिअर म्हणून. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा माझ्या नावापुढं लागला. आम्ही सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. माझं पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं होतं तर माझा बाप, आबा, शेजाऱ्याकडनं हातोडा मागून आणायला गेला, आणि कशाला पाहिजे ते वाटेत भेटेल त्याला सांगत परत आला. मला याची लाज वाटत नाही.

माझी कंपनी आणीबाणीच्या सेवांसाठी नवीन वायरलेस ब्रॉडबँडचं जाळं बसवत होती. जुन्या वायरलेसवर नुसता आवाज जायचा, तोही खरखरत. नव्या सेटवरनं आवाज जातो, आगीचं चालतं चित्र जातं, कुठला जवान कुठं आहे त्याचा ठिपका नकाशावर दिसतो. मोठी दुर्घटना झाली की सगळं गाव एकदम फोन लावतं आणि कुणाचाच लागत नाही. तेव्हाही या सेटला वाट आधी मिळते, चौकात रुग्णवाहिकेला देतो तशी. सोलापूरचं काम मी एकट्यानं बघत होतो. ते वेळेत उरकलं तर मला नोकरीत कायम करणार होते.

जीपच्या टपावर अँटेना लावून मी तीन दिवस शहरातला एकूण एक रस्ता फिरलो. सिग्नल सगळीकडं आला. त्याचा मोठा रंगीत नकाशा छापून घेतला आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर चिकटवला. सगळं सोलापूर हिरवंगार. साहेब लोक येऊन बघून गेले, पाठ थोपटून गेले. आता काम ताब्यात घेतल्याच्या कागदावर वापरणाऱ्याची सही तेवढी राहिली होती, म्हणजे अक्कांची.

अक्कांनी चष्मा पुसला आणि नकाशापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या.

"लई झाक दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मग सही करताय ना?"

"ह्यो हिरवा रंग कशाचा?"

"सेट चालतो तिथं हिरवा."

"आन तुमी कुटनं बघितलं?"

"जीपमधनं."

"जीप रस्त्यावर हुती न्हवं?"

"रस्त्यावरच असणार की, अक्का."

"आग रस्त्यावर लागत न्हाय, इंजिनेरसायब. आग घरात लागती."

त्यांनी माझ्या पेनाला टोपण लावलं, ते माझ्याच खिशात अडकवलं आणि फोन घ्यायला गेल्या.

मला राग आला. खरं सांगायचं तर चांगलाच आला. मी पुण्याला मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "करारात रस्ते लिहिलेत. घराघरात शिरून कोण टेस्ट करतं? त्या बाईंना नीट समजावून सांग." समजावून सांगायचं म्हणजे काय, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवशी मला बाहेर चहाच्या गाड्यावर शब्बीरभाईंनी गाठलं. ते दलातले जुने फायरमन. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. आपल्या दखनीत त्यांनी जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका यंत्रमागाच्या कारखान्यात आग लागली होती. वर पत्रा, आत सुताचे गठ्ठे. शब्बीरभाई आत गेले आणि त्यांच्या सेटचा आवाज बंद झाला. सेट बिघडला नव्हता, आतनं बाहेर काही जातच नव्हतं. नियंत्रण कक्षात अक्का. त्या थांबून थांबून म्हणत राहिल्या, "शब्बीरभाई, बोला. ऐकतेय." शब्बीरभाई मागची खिडकी फोडून केव्हाच बाहेर पडले होते आणि लिंबाखाली बसून पाणी पीत होते. हे अक्कांना कळवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. वीस मिनिटांनी ते गाडीपाशी आले आणि ड्रायव्हरच्या सेटवर म्हणाले, "अक्का, मैं भार हूं." म्हणजे बाहेर आहे.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. 'बरं' बोली. बस, उतनाच. उस दिन से हर एक कू पूछती, आतनं का भाईरनं." त्यांनी कपातला चहा संपवला. "मैं जिंदा हूं, फिर बी मेरेकू माफ नहीं करी अब तक."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला अक्कांची ड्युटी संपली तेव्हा मी सेट घेऊन दारात उभा होतो. "कुठनं सुरू करायचं?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि पिशवीतनं शाळेतली एक दोनशेपानी वही काढली. पानांवर आधीच रकाने आखलेले होते: माळा, जिन्याखाली, मोरी, तळघर, गठ्ठ्यांमागं. म्हणजे मी येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

पुढचे बारा दिवस आम्ही तिघं फिरलो. शब्बीरभाई सुट्टीच्या वेळेत यायचे आणि चिडवायचे, "अक्का, आग लगने से पैले पूरा सोलापूर देख लेंगे क्या?" नियंत्रण कक्षात सुजाता बसायची. ती अक्कांच्या हाताखाली शिकत असलेली नवी ऑपरेटर. आम्ही आतनं "बोला" म्हणायचं आणि तिनं उत्तर द्यायचं, असं ठरलेलं.

भवानी पेठेत मी एकटा गेलो असतो तर मला ओट्यावरनंच परत पाठवलं असतं. अक्का दारात चप्पल काढायच्या आणि तेलुगूत विचारायच्या, "अम्मा, लोपलिकि रावच्चा?" आत येऊ का, असं विचारणारी खाकी साडीतली बाई बघून घरातल्या बायका गोंधळायच्या आणि मग पाणी द्यायच्या. पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाक, शिडीवरनं वर माळा. एक म्हातारी विड्या वळत बसली होती. तिनं सुपातनं मान वर न काढता विचारलं, हा पोरगा आमच्या जिन्याखाली शिरून कुणाशी बोलतोय? अक्का म्हणाल्या, "त्याचं शिक्षण झालंय, आता परीक्षा चाललीय." म्हातारी खूष झाली. मी जिन्याखाली वाकून "बोला, बोला" करत होतो आणि सुजाताचं उत्तर काही येत नव्हतं.

"ल्हिवा," अक्का म्हणाल्या. "येत न्हाय."

पत्र्याच्या शेडमध्ये येत न्हाय. एका दवाखान्याच्या तळघरात येत न्हाय. ओल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागं तर अजिबातच न्हाय. संध्याकाळी कक्षात येऊन अक्का माझ्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं ठिपके द्यायच्या. आठवडाभरात माझ्या हिरव्यागार सोलापूरला गोवर आल्यासारखं झालं.

मला त्या दिवसांत आबा फार आठवायचा. मेंढरं माळावर सोडली की तो टेकाडावरनं हाळी द्यायचा. कुठल्या ओघळीत हाळी पोचत नाही ते त्याला पावलापावलावर ठाऊक होतं, आणि तिथं तो स्वतः उतरून जायचा. हे मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमाला घरातच शिकवलं हुतं की. कालिजात जाऊन इसरलात व्हय?"

अहवालात मी लिहिलं: रस्त्यावर पूर्ण, आत अपूर्ण. खाली माझं नाव घातलं. मॅनेजर फोनवर पुष्कळ बोलला. मला कायम करायचं सहा महिने पुढं गेलं. आबाला मी एवढंच सांगितलं की काम वाढलंय. पण वही कंपनीच्या मोठ्या साहेबांपर्यंत पोचली आणि त्यांना रकाने कळले. दवाखान्याच्या तळघरासारख्या जागी छोट्या अँटेना बसल्या. दलाच्या एका गाडीवर दांडा उभारता येईल असं छोटं केंद्र आलं, म्हणजे टॉवरचा आवाज आत पोचला नाही तर गाडीच दारात टॉवर होऊन उभी राहते. ती दांड्याची गाडी घेऊन आम्ही पुन्हा फिरलो. विड्या वळणारी म्हातारी म्हणाली, "पास झाला का?" मी जिन्याखालनं "बोला" म्हणालो आणि सुजाताचा आवाज त्या घरभर वाजला.

मग अक्कांनी सही केली. हळूहळू, पूर्ण नाव. त्याखाली कुणी न सांगता स्वतःच्या अक्षरात दोन शब्द लिहिले: "आतून तपासले." त्या कागदाची एक प्रत माझ्या घरी आहे. पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. हार, नारळ, भाषणं झाली. त्यांनी सेट पदरानं पुसला, ओंदु-एरडु-मूरु म्हटलं आणि सुजाताच्या हातात दिला. "बस. खुर्ची थोडी डुगडुगती, सवय हुईल," म्हणाल्या आणि मैंदर्गीच्या एसटीला निघाल्या.

आता तो दिवस. मी दुरुस्तीच्या कामासाठी कक्षात आलो होतो. दुपारी जेवणाच्या सुमारास औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यातनं फोन आला. तो कारखाना आमच्या वहीत नव्हता. किती ठिकाणी जाणार. पण तसले पाच-सहा वहीत होते आणि सगळ्यांपुढं "येत न्हाय" लिहिलेलं होतं, म्हणून गाड्यांबरोबर दांड्याची गाडी आपोआप निघाली. शब्बीरभाई आत शिरले. पडद्यावर त्यांच्या सेटचं चित्र येत होतं ते हळूहळू काळं झालं, धुराशिवाय काही दिसेना. मग आवाजही थांबला.

सुजातानं माझ्याकडं बघितलं. मी नकाशाकडं बघितलं. तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "शब्बीरभाई, बोला. ऐकतेय." उत्तर नाही. पुन्हा म्हणाली. माझ्या हातातला पाना मी खाली ठेवला, तो वाजू नये म्हणून. तिकडं गाडीवरचा दांडा अजून वर चढत होता.

आणि मग स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा आवाज आला. "अक्का, सुनाई देरा क्या?"

"मी सुजाता. बोला. आतनं बोलताय का बाहेरनं?"

"आतनंच की, बेटी. गठ्ठों के पीछे हूं. एक कामगार है साथ में, चल नहीं सकता. सामने का रास्ता बंद हुआ. पिछले बाजू का पत्रा काटो."

नकाशावर त्यांचा ठिपका कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकलेला दिसत होता. सुजातानं बाहेरच्या जवानांना जागा सांगितली. पत्रा कापला. आधी कामगार बाहेर आला, मग शब्बीरभाई. या वेळी त्यांनी पाण्याची बाटली घेण्याआधी सेट तोंडाशी धरला. "भार हूं. दोनों भार हैं. अक्का कू बी बोल दो."

मी मैंदर्गीला फोन लावला. सगळं सांगितलं. अक्कांनी मधे एकदाच तोंड उघडलं.

"आतनं बोलला का भाईरनं?"

"आतनं, अक्का. गठ्ठ्यांच्या मागनं."

फोनमध्ये मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"मदी किती येळ गप हुता?"

"दोन मिनिटं असतील."

"वीस न्हाय न्हवं?"

"नाही."

"बरं," अक्का म्हणाल्या.

मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "अक्का, तुम्ही आतनं बोलताय का बाहेरनं?"

त्या हसल्या. "भाईरनं, लेकरा. गच्चीवर हाय. आमच्या घरात कुटं रेंज येती? फोन खिडकीत टांगून ठिवते, वाजला की घिऊन वर पळते. तुमचा हिरवा रंग मैंदर्गीपतूर आलाय कुटं अजून?"

पुढच्या टप्प्यात अक्कलकोट तालुका आहे. जीप, अँटेना, रंगीत नकाशा, सगळं नेहमीसारखं होईल. पण मी नवी दोनशेपानी वही घेतली आहे आणि पहिल्या रकान्यात लिहून ठेवलं आहे: अक्कांचं स्वयंपाकघर, चुलीपाशी.