तिसऱ्या वर्षीचं पान

वर्लिन ऑपडाल एकतीस वर्षं आमच्या भागात टपाल वाटत होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी ते माळाच्या संशोधन केंद्रात गेले, टोपी काढली आणि म्हणाले, "गुडघे अजून वाकतात. तुम्हाला काही उपयोग असला तर बघा." आमच्याकडे याहून मोठ्या आवाजात कुणी काम मागत नाही. त्याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि आमच्या फाट्यावरच्या डब्यात दुसराच कुणी पत्रं टाकायला लागला म्हणून चार दिवस रुसले होते.

पुढे मीही त्याच केंद्रात संशोधनाला लागले. वर्लिन दर मंगळवारी घरच्या लिंबाच्या वड्या आणायचे आणि "या खेपेला काही खास जमल्या नाहीत" असं म्हणून टेबलावर ठेवायचे. शेवटची वडी अर्थातच कुणी उचलायचं नाही. जो तो तिचा अर्धा तुकडा कापून घ्यायचा, मग पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, आणि संध्याकाळी ताटलीत नखाएवढा कण उरायचा. तो वर्लिन पक्ष्यांना घालायचे.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. पश्चिम मिनेसोटात मका आणि सोयाबीनच्या मध्ये जुन्या माळरानाचे काही तुकडे उरलेत, नांगर पोचला नाही म्हणून. त्यांत जांभळं कोनफ्लॉवर नावाचं रानफुलाचं झाड उगवतं. हे झाड स्वतःच्या परागावर बी धरत नाही. शेजारचं दुसरं झाड त्याच वेळी फुलायला हवं आणि मधमाशीने दोघांकडे जायला हवं. माळाला आग लागली की पुढे सगळी झाडं एकदम फुलतात, म्हणून मे महिन्यात आम्हीच आग लावतो, वारा आणि हवेतला ओलावा मोजून. माझा सहकारी डेस्मंड फुलांसमोर घड्याळ घेऊन बसतो आणि कुठली माशी कुठे बसली ते लिहितो. मी झाडांची हजेरी घेते.

हजेरीचा एक नियम आहे. प्रत्येक झाडाशेजारी जमिनीत नंबराचा खिळा असतो. दर उन्हाळ्यात दोघांनी जायचं, एकाने वाकून शोधायचं, दुसऱ्याने टॅबमध्ये लिहायचं. झाड दिसलं नाही तर 'नाही' लिहायचं. सलग तीन वर्षं 'नाही' आलं की झाड मेलं असं धरायचं, खिळा उपटायचा, आणि त्या जागेकडे पुन्हा फिरकायचं नाही. शोधायचं काम सोळा वर्षं वर्लिनच करत होते. टॅब धरणारी मुलं दर उन्हाळ्यात नवी असायची.

जुन्या नोंदी चाळताना मला काहीतरी विचित्र दिसलं. अडतीस झाडं अशी होती, की त्यांची हजेरी एकाच चालीत चालली होती. नाही, नाही, आहे. नाही, नाही, आहे. दोन वर्षं जमिनीखाली झोपायचं आणि तिसऱ्या वर्षी एकच पान वर काढायचं. काही टेकड्यांवर हे जागं होणं आगीच्या वर्षाशी जुळत होतं, काहींवर मुळीच नाही. पान मात्र नेहमी नऊ सेंटीमीटर. मी महिनाभर या नऊच्या मागे लागले. साठवलेलं अन्न, मुळाची लांबी, काय काय गणितं केली. आमच्या प्रमुख पॉलाबाईंना आराखडा दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मारेन, हे सुंदर आहे आणि मला यातलं काही कळत नाहीये."

मलाही कळत नव्हतं, पण न कळणारं म्हणजे खोल असणार असं मला वाटलं. माझा प्रबंध मी त्यावरच उभा केला. दोन वर्षं गेली. ऑक्टोबरात तो द्यायचा होता.

त्या मे महिन्यात आम्ही पूर्वेची टेकडी जाळली. वर्लिन पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन कडेकडेने चालत होते, ठिणगी उडाली की पिचकारी मारत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण आगीपाशी कधी घाई नाही. तासाभरात टेकडी काळी झाली. डेस्मंड म्हणाला, "जमिनीत घर करणाऱ्या माश्या वाचल्या असतील, काड्यांतल्या गेल्या. आपण भलं करतोय की वाईट, मला दर वर्षी नव्याने प्रश्न पडतो." वर्लिन म्हणाले, "तुला निदान एकच प्रश्न पडतो, नशीबवान आहेस."

जूनमध्ये हजेरी सुरू झाली. या वेळी टॅब मी धरला, कारण एका झाडाचं हे तिसरं वर्ष होतं आणि ते जागं होताना मला स्वतः बघायचं होतं. जीपीएसच्या काठीने जागा सापडली, खिळा सापडला. वर्लिन वाकले. त्यांनी दोन्ही हातांनी गवत हळूच दूर केलं आणि इतका वेळ बघत राहिले की माझा हात अवघडला.

"एक पान," ते म्हणाले. "नऊ सेंटीमीटर."

मी टॅब खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. गवत होतं, राख होती, एक मुंगी होती.

"कुठे आहे?"

वर्लिननी टोपी मागे सारली. "सकाळी कॉफी घेतलीस का तू?"

"वर्लिन, पान कुठे आहे?"

त्यांनी गवत पुन्हा जागेवर सारलं. मग म्हणाले, "नाहीये."

"मग नऊ सेंटीमीटर कशाचं?"

"दहा म्हणणं जरा जास्तच झालं असतं."

माझं सगळं मुसळ केरात गेलं होतं आणि समोरचा माणूस तोंड बारीक करून उकिडवा बसला होता. मला ओरडता येईना, रडता येईना. हसू मात्र येत होतं, त्याचाच जास्त राग आला.

"का पण?" मी विचारलं.

"दोनदा नाही म्हणायला मला काही वाटत नाही. तिसऱ्यांदा म्हटलं की तुम्ही खिळा काढता. मग इथे परत कुणी वाकत नाही."

"मेलेल्या झाडापाशी वाकायचं कशाला?"

"मेलं असं कोण म्हणतं? दिसलं नाही, एवढंच." ते गवताची काडी मोडत राहिले. "माझ्या वाटेवर सुरुवातीला एकशे सेहेचाळीस डबे होते. घर रिकामं झालं की नाव खोडा म्हणून वरून कागद यायचा. ट्वेट कुटुंबाचं नाव मी खोडलं नाही. चार वर्षं रोज गाडी हळू करायचो. पाचव्या वर्षी त्यांची मुलगी परत आली की राहायला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नाही आले. त्रेसष्ट उरले शेवटी."

मी म्हणाले, "अहो, पण हे टपाल नाहीये. माझा प्रबंध आहे. सगळीच पानं खोटी होती का?"

"छे. काही तर मी खरंच पाहिली."

"कोणती?"

त्यांनी टेकडीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. "तेच तर आता आठवत नाही," ते म्हणाले, आणि मला कळलं की ते खरं बोलतायत, आणि त्यानेच माझं डोकं पार फिरलं. निव्वळ खोटं असतं तर पुसून टाकता आलं असतं.

पॉलाबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं. मंगळवार होता, वड्यांचा डबा उघडलाही नव्हता. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नऊ सेंटीमीटरच्या सगळ्या नोंदी रद्द केल्या, आणि त्यांत एखादी खरी असली तर तीही गेली. मग मला म्हणाल्या, "अडतीसही जागा तू नव्याने बघ. एखादं झाड सापडलं तर झोपेची गोष्ट खरी आहे आणि तुझ्या हातात काहीतरी राहील. नाही सापडलं तर खिळे काढ." वर्लिनना म्हणाल्या, "तुम्ही टॅब धरा. बघायचं नाही."

"बरोबर आहे," वर्लिन म्हणाले. त्या दिवशी शेवटच्या वडीचा तुकडा पाडायला कुणी हात पुढे केला नाही.

जुलैभर आम्ही हिंडलो. मी वाकायची, शोधायची, "नाही" म्हणायची. वर्लिन लिहायचे. मी खिळा उपटायची आणि ते तो शर्टाच्या खिशात टाकायचे. एकदाही त्यांनी "अजून जरा बघ" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी चिडले असते, आणि म्हणत नव्हते म्हणूनही चिडत होते. एकतीस जागा झाल्या, एकतीस वेळा 'नाही'. मी इतकी गोंधळले होते की एकेका जागी दोनदोनदा बघायची. समोर काही नाही म्हणून दिसत नाही, की दिसू नये असं मीच ठरवून आलेय, हेच कळेनासं झालं होतं.

बत्तिसावी जागा पूर्वेच्या जळलेल्या टेकडीवर होती. गवत दूर केलं आणि पान दिसलं. लांबट, खरखरीत, तीन उभ्या शिरांचं. मी डोळे मिटले, परत उघडले. पान होतं.

"वर्लिन, इकडे या. बघा."

ते जवळ आले, पण त्यांनी टॅब छातीशी धरला आणि मान रस्त्याकडे वळवली. "तुला दिसतंय ना? मग झालं."

"तुम्ही बघा तरी. आहे खरंच."

"माझ्या बघण्याला काय अर्थ आहे, पोरी? मला दर वेळी दिसतं."

"दर वेळी? तिथे काही नाही हे तुम्हाला ठाऊक असायचं ना?"

"वाकायच्या आधी ठाऊक असायचं," ते म्हणाले. "वाकल्यावर नाही."

मी वर चढून टेकडीपलीकडे माश्या मोजत बसलेल्या डेस्मंडला हाक मारली. तो आला, वाकला आणि म्हणाला, "पान आहे." मी पट्टी लावून चौदा सेंटीमीटर असं सांगितलं. वर्लिननी आकडा लिहिला, आणि बरोबर लिहिला का म्हणून मला दोनदा वाचून दाखवला.