मंडपासकट उतरलेली बोट

लाकडी बोट पहिल्यांदा पाण्याला लागते तो क्षण बांधणाऱ्यासाठी पवित्र असतो, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी बोट बांधलेली नसते. त्या पवित्र क्षणाच्या थोडं आधी मी बोटीखाली उताणा पडून ओंडक्यांना ग्रीस चोपडत होतो आणि बोटीच्या मालकीणबाई, सुमतीवहिनी, वाकून विचारत होत्या, "काय ओ मिस्त्री, पाणी चढलं ना? मग कुणाची वाट बघताय?"

वाट साहेबांची होती. वहिनींचा दीर प्रकाश मुंबईत नोकरी करतो आणि सुट्टीत गावी येऊन राजकारण करतो. त्यानं उद्‌घाटनाला एक बडे साहेब ठरवले होते. मंडप, बँड, सोफा, साहेबांचा फोटो असलेला फ्लेक्स, सगळं आलं होतं. साहेब तेवढे राहिले होते.

आमचं गाव रत्नागिरीजवळ खाडीतल्या बेटावर. बोट काठावरच बांधतो आणि उतरवतो ती उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला. बोटीखाली आडवे ओंडके असतात, ती घसरू नये म्हणून लाकडी पाचरी. पाचरी उडवायच्या आणि गावानं मिळून दोर ओढायचा. साहेबांच्या तारखेपायी उधाणाचे दोन दिवस फुकट गेले होते. आज पाणी जेमतेम पुरणार होतं. उद्या वीतभर कमी, मग थेट पंधरवड्यानं. खलाशांनी वहिनींना स्वच्छ सांगितलं होतं, आज बोट उतरली नाही तर आम्ही दुसऱ्या बोटीवर जाणार.

साहेबांचे पीए मात्र वेळेवर येऊन साहेबांच्या सोफ्यावर बसले होते.

"साहेब ऑन द वे आहेत," ते म्हणाले. "गणपतीपुळ्याला दर्शन झालं की निघतात."

"म्हणजे अजून निघाले नाहीत?" मी विचारलं.

"निघाल्यासारखेच आहेत."

"सव्वा वाजता पाणी फिरणार, ओहोटी लागणार."

"थोडं ॲडजस्ट करा ना, मिस्त्री."

"करतो. कुणाशी बोलू?"

प्रकाश मधे पडला. "वहिनी, साहेबांचा अपमान होईल हां."

"तो तू जपून ठेव. आले की दे त्यांना." वहिनी गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि बोटीच्या नाकावर नारळ फोडला. "ओढा रे!"

मी शेवटची पाचर उडवली. बँड सुरू झाला. बोट कुरकुरली, हात-दोन हात सरकली आणि अडली. मागे बघतो तर मंडप वाकलेला. मंडपवाल्यानं मंडपाचे दोन दोर बोटीच्या मागच्या टोकाला बांधले होते. अख्ख्या काठावर एवढा मजबूत खांब दुसरा नव्हता, यात त्याची काही चूक नाही.

"कोयता आणा!" मी ओरडलो.

"कापू नका! दोर नवा आहे!" मंडपवाला ओरडला.

पाणी फिरायला आलं होतं. वहिनींनी एकदाच मागे पाहिलं. "मंडपासकट चला!"

मग पुढचा दोर ओढणारे सोडले तर बाकी जो तो हाताला येईल तो बांबू उपटून पळत सुटला. मंडप गावाच्या डोक्यावरून खाडीकडे निघाला. बँडवाले कमरेएवढ्या पाण्यात गेले तरी वाजवत होते, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पीए मंडपाच्या गुलाबी कापडात गुरफटून सोफ्यासह पाण्यापर्यंत आले. बोट तरंगली आणि मी, वय विसरून, चिखलात नाचलो.

तेवढ्यात साहेबांची होडी आली. समोरून नवी बोट, तिच्यामागे तरंगता मंडप, त्यावर आपला फोटो आणि पाण्यात उभा बँड. साहेब हेलावले. उभं राहून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"असं स्वागत आजवर कुणी केलं नाही," ते म्हणाले. प्रकाशनं ते नम्रपणे स्वीकारलं.

तेव्हापासून पाचर उडवण्याआधी मी बोटीभोवती एक फेरी मारतो आणि तिला कुणी काय बांधलंय ते बघतो. आमच्या धंद्यात याला शास्त्र म्हणत नाहीत, पण उपयोग होतो.

खलाशी वहिनींकडेच राहिले. त्यांना लगेच कामही मिळालं. नवी लाकडी बोट फळ्या फुगेपर्यंत गळते. संध्याकाळपर्यंत ते बादल्यांनी पाणी उपसत होते.