सत्काराच्या यादीतलं शेवटचं नाव

आमच्या न्हावऱ्याच्या कलामहोत्सवात राबलेली दोन माणसं चहाला टेकली, की एक तरी किस्सा निघतोच! बाकीचे पोट धरून हसतात. मीही हसते, पण माझा किस्सा त्या रविवारचा, आणि तेव्हा मला हसू येत नव्हतं.

मी इथल्या पोस्टात. बदलीवर येऊन वर्ष झालं, तरी "पार्सल आलं का?" यापलीकडे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. सुट्टीचा दिवस खायला उठायचा. म्हणून धीर करून महोत्सवाच्या मीटिंगला जाऊन बसले. महोत्सवाचा सगळा कारभार बघणाऱ्या आबांनी विचारलं, "गावात तुमचं कोण हाय?"

"कुणी नाही."

आबा म्हणाले, "मग येळ लई असंल तुमच्याकडं. घ्या ही कामाची वही!"

*

वहीबरोबर सत्काराची यादी गळ्यात पडली. शाल-नारळात एखादं नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही म्हणे! माझी झोपच उडाली. यादी चार वेळा लिहून काढली आणि अगदी शेवटी, भीत भीत, स्वतःचंही नाव घातलं.

आबांनी निळं पेन काढून आपल्या सुनेचं नाव खोडलं.

"आबा, त्या आठ दिवस राबल्यात हो!"

"मग? सत्कार पाव्हण्यांचा असतोय. घरच्यांनी वाढायचं!"

माझ्या नावाला त्यांनी हात लावला नाही. तेव्हा बरं वाटलं. खोलीवर आल्यावर मात्र फार वाईट वाटलं. म्हणजे मी पाहुणीच!

*

रविवारी सकाळी मांडवगणचं धनगरी गजीनृत्याचं पथक यायचं होतं. दहा वाजले तरी पत्ता नाही. पथकाच्या बिरामामांना मी दहा फोन लावले. अकराव्यांदा लावणार, तोच मागून आवाज आला, "म्याडम, कवापासनं तुमच्या मागंच ढोल बांधतुय की!"

"मग फोन का उचलत नाही?"

"फोन खिशात, आन् त्याच्यावर कमरेचा शेला आवळलाय. सोडला तर परत बांधायला अर्धा तास!"

*

मग शेजारच्या गावच्या शालनताई भीमगीत म्हणायला उभ्या राहिल्या आणि पहिल्याच कडव्याला माईक गेला. मी वायरमनला शोधत सैरावैरा धावत सुटले. ताई गाणं न थांबवता मला हातानं खुणावत होत्या. मला वाटलं, रागावल्या! जवळ गेले तर म्हणतात, "पळताय काय? टाळी धरा!"

मी टाळी धरली, मग अख्ख्या मांडवानं धरली. उतरल्यावर ताईंनी माझा हात हातात घेतला. "गाणं झ्याक झालं. तुमची टाळी तेवढी सारखी चुकत व्हती. उद्या घरी या, शिकवते!"

वर्षभरात पहिल्यांदा मला कुणीतरी घरी बोलावलं होतं.

*

दुपारी सत्कार सुरू झाले. यादी आबांच्या हातात. दौंडचे साउंडवाले झाले, यवतचे मांडववाले झाले, बिरामामा झाले, शालनताई झाल्या. आता मीच. मी पदर सारखा केला, एक पाय पायरीवर ठेवला.

आबांनी कागदाची घडी घातली. "सत्कार संपले. पंगत बसवा!"

मी पायरीवरचा पाय मागे घेतला. काय चुकलं माझं? ते फोन? ती टाळी? डोळे भरून आले. आबा खाली उतरले तसा मी त्यांच्या हातातला कागद घेऊन उघडला. माझ्या नावावर निळी रेघ होती.

"आबा, हे..."

त्यांनी आमटीची बादली माझ्या हातात दिली.

"बघत काय उभी राहिलीस, पोरी? पाव्हणं खोळंबल्यात!"