वाटीतले चिंचोके

आज चिंच फोडायला बसलो. चिंचोके ताटलीत टपटपले आणि मुलुंडच्या घरातली एक दुपार आठवली. कॉम्प्युटरवर आमची पाळी येईपर्यंत मी आणि माझ्यासोबत संशोधन करणारी वीणा प्रोग्रॅम कागदावरच तपासायचो. मी एकेक ओळ वाचायचो; ती मशीन व्हायची, आकडे बदलतील तसे वाट्यांतले चिंचोके कमी-जास्त करायची.

त्या दिवशी मध्येच ती म्हणाली, "अमेरिकेतून बोलावणं आलंय रे. जाऊ का?"

"जा ना. झकास चान्स आहे."

तिने चिंचोक्यांची मूठ मिटली. मग म्हणाली, "वाच पुढची ओळ."

प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात माझी हयात गेली. वीणा सल्ला मागत नव्हती, हे कळायला मात्र फार वर्षं लागली.

त्या दुपारी मी पुढची ओळ वाचली.