गोष्टीला उणे अकरा

लातूरच्या हॉस्टेलवर मी रिपीटर होते. म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत एकदा आपटून पुन्हा वर्षभर घासायला आलेली. नव्या पोरी मला ताई म्हणायच्या आणि मला ते आवडायचं, कारण रुबाब करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. शिवाय आमच्या मजल्यावर स्मार्टफोन फक्त माझ्याकडे. नव्या पोरींना बटणांचा साधा फोन, तोही घरी बोलण्यापुरता.

माझ्या फोनवर एका ॲपवर एक गोष्ट भागाभागानं यायची. तिची नायिका राणीची हेर. नदी ओलांडली की तिचा पुरुष व्हायचा, माघारी आली की पुन्हा बाई. रविवारी जेवण झाल्यावर मी ती मेसमध्ये मोठ्यानं वाचायचे. हळूहळू पोरी त्या हेराच्या आपापल्या गोष्टी वहीच्या मागच्या पानांवर लिहू लागल्या, आणि कुणाचा हेर मूळ गोष्टीला धरून आहे यावर भांडू लागल्या.

तोडगा मीच काढला. आमच्या आठवडी टेस्टसारखं मार्किंग. मूळ गोष्टीशी जुळलं तर चार, चुकलं तर उणे एक, आणि आन्सर की म्हणजे माझा फोन. याचं कुणालाच नवल वाटलं नाही. दिवसभर चार पर्यायांतला एक गोल काळा करणाऱ्या पोरी आम्ही. गोष्टीलाही एकच बरोबर उत्तर असणार, असंच सगळ्यांना वाटलं.

माझी रूममेट बिलोलीकडची होती. एकदा सकाळी पाण्याच्या रांगेत बादली धरून ती मला हळूच म्हणाली होती की तिला आतून पोरगी असल्यासारखं कधी वाटलंच नाही, आणि त्या हेराचं ऐकल्यापासून आपण एकटेच येडे नाही असं वाटतंय. मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर तिचा रागच आला. अभ्यास सोडून ही कसली थेरं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात तिनं गोष्ट लिहिली. तिचा हेर नदी ओलांडून पुरुष होतो आणि माघारी येतच नाही. तिकडं घर बांधतो, शेळ्या पाळतो. मी ती वाचून दाखवली, बिलोलीच्या बोलीत, तिची नक्कल करत. पोरी पोट धरून हसल्या. मग मी गुण दिले, उणे अकरा.

ती वाद घालायला उभी राहिली. एरवी मेसमध्ये तिचा आवाजही ऐकू यायचा नाही.

"हेर तोच हाय की ताई. डाव्या हातानं जेवतो, पाण्याला भितो, पायऱ्या मोजतो. नुसता माघारी येत न्हाई. तुम्हीच वाचलेल्या सत्तेचाळीसाव्या भागात बघा, त्याच्या मनात तेच हाय."

मी फोनवर भाग काढला. अगदी सुरुवातीलाच होतं. हेर नावाड्याला सांगतो, माघारी जातोय ते राणीच्या हुकमापायी, माझ्या मनावर असतं तर इथंच राहिलो असतो. मी ते दोनदा वाचलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"असं काही नाही," मी म्हणाले. "मूळ गोष्टीतला हेर असा नाहीच. तुझ्या मनचं आहे हे."

तिनं फोन मागितला नाही. ताई कशाला खोटं बोलेल, आपणच चुकीचं ऐकलं, असंच तिला वाटलं असणार. संध्याकाळी तिनं वहीची ती पानं नीट फाडली, आणि दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही.

मी डॉक्टर झाले नाही. नांदेडला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. यंदा लग्नासाठी उदगीरला गेले तेव्हा फोनची काच फुटली. बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बारीक मिशीचा माणूस होता. डाव्या हातानं स्क्रू फिरवत होता. आवाज जाड झालेला, पण डोळे तेच, माझ्या रूममेटचे. खाई त्याला खवखवे, मीच आधी मान खाली घातली.

त्यानं काच बसवली, फोन चालू करून बघितला. ॲप अजून होतं. त्यानं ते उघडलं, बोटानं वर सरकवत नेलं आणि फोन माझ्यापुढे ठेवला. सत्तेचाळीसावा भाग.

"मी नंतर स्वतःच्या मोबाईलवर वाचला," तो म्हणाला. "तुम्हाला तेव्हा दिसला न्हवता का, मॅडम?"

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"नाही दिसला," मी म्हणाले.

"मग आता वाचा. मोठ्यानं. तुम्ही लई चांगलं वाचत होता."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी फोन पर्समध्ये टाकला आणि बाहेर रिक्षा थांबलीय म्हणून सांगितलं. बाहेर एकही रिक्षा नव्हती, आणि काउंटरवरून त्याला अख्खा रस्ता दिसत होता.